हंडा सापडतो, इतिहास हरवतो

मार्च २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या बुऱ्हाणपूरजवळच्या असीरगडाच्या परिसरातील शेतांत रात्री बॅटऱ्या चमकू लागल्या. 'छावा' चित्रपटात बुऱ्हाणपूरच्या लुटीचा प्रसंग लोकांनी पाहिला होता. मोगलांचे सोने इथल्याच मातीत असल्याची आवई उठली आणि चाळण्या, फावडी, मेटल डिटेक्टर घेऊन माणसे शेते उकरू लागली. पूर्वी गुप्तधनासाठी पायाळू माणूस शोधत. त्याची जागा आता यंत्राने घेतली आहे.

अशा बातम्यांनंतर डिटेक्टरवर सरसकट बंदीची मागणी होते. पण खरा प्रश्न यंत्राचा नाही. वस्तू हाती लागल्यावर पुढच्या तासाभरात काय होते, यावर तिचा इतिहास कळणार की नाही, हे ठरते.

इंग्लंडमधल्या सॉमरसेट परगण्यात, फ्रोम गावाजवळच्या शेतात २०१० साली डेव्ह क्रिस्प या हौशी शोधकाचा डिटेक्टर वाजला. खणताना मडक्याचा काठ आणि नाणी दिसली, तसा तो थांबला आणि पुरातत्त्वज्ञांना बोलावले. त्यांनी मडके थराथराने रिकामे केले. आत ५२,५०३ रोमन नाणी निघाली, वजन सुमारे १६० किलो. साडेसातशेहून अधिक नाणी कारॉशियसची होती. रोमला झुगारून इसवी सन २८६ ते २९३ या काळात ब्रिटनवर राज्य करणारा हा सेनानी. गंमत अशी की त्याची नवी नाणी खोलवर होती आणि जुनी त्यांच्या वर. म्हणजे वर्षानुवर्षे टाकलेली ही पुंजी नव्हती. मडके एकाच वेळी भरले गेले होते. एवढ्या ओझ्याचे नाजूक मडके पुन्हा उचलून नेता आले नसते, म्हणून हे देवाला वाहिलेले धन असावे, असे अभ्यासकांना वाटते. सगळी नाणी गोणीत ओतली असती, तर हा तर्क करताच आला नसता.

आपल्याकडचे उदाहरण नाशिक जिल्ह्यातल्या जोगलटेंभीचे. १९०६ साली तिथे क्षत्रप नहपानाची तेरा हजारांवर चांदीची नाणी मिळाली. त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारला होता. सातवाहनांनी नहपानाचा क्षहरात वंश उखडल्याचे नाशिकच्या लेण्यातला शिलालेख सांगतो. नहपानाचे चलनच सातवाहनांच्या ताब्यात आल्याचा भक्कम पुरावा या साठ्याने दिला. दहा-वीस नाणी सुटी सापडली असती, तर छाप दिसला असता, पण नव्या राजवटीने जुने चलन किती मोठ्या प्रमाणावर आपलेसे केले, ते उमगले नसते.

दायमाबादची गोष्ट याच्या उलट. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या या गावी १९७४ मध्ये झुडपाचे बूड खणताना एका गावकऱ्याला चार ब्राँझ शिल्पे मिळाली: बैलगाडीसारखा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. एकत्रित वजन साठ किलोंहून जास्त. पुढे एस. ए. साळी यांनी तिथे शास्त्रशुद्ध उत्खनन केले, पण शिल्पे कोणत्या थरातून आली, हे तेव्हा नेमके सांगणे अवघड झाले होते. बहुतेक अभ्यासक ती उत्तर हडप्पा काळातली मानतात, तरी त्यांच्या काळाविषयीचा वाद पुरता मिटलेला नाही.

मग सापडलेली वस्तू लोक का दडवतात? एक कारण कायद्यातच आहे. १८७८ चा निखात निधी कायदा दहा रुपयांहून अधिक किमतीचे धन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवण्याची सक्ती करतो. न कळवल्यास वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते. सरकारने ते धन संपादित केल्यास त्यातल्या धातूची किंमत आणि वर तिचा एकपंचमांश देण्याची तरतूद आहे. दुर्मीळ नाण्याचे ऐतिहासिक मोल त्यात धरलेलेच नाही. कागदपत्रांचा आणि चौकशीचा ससेमिरा चुकवायचा, तर सराफाचे दुकान जवळचे वाटणारच.

ब्रिटनच्या १९९६ च्या कायद्यानुसार संग्रहालयाने धन घेतल्यास बाजारभाव मिळतो आणि तो सहसा शोधणारा व जमीनमालक वाटून घेतात. फ्रोमच्या साठ्याचे मूल्य ३,२०,२५० पौंड ठरले. सुट्या किरकोळ वस्तूंसाठी १९९७ पासून ऐच्छिक नोंदणीची योजना आहे. तिच्यात पंधरा लाखांहून अधिक वस्तूंची नोंद झाली आहे. तिथेही चोर आहेतच. २०१५ मध्ये लेमिन्स्टरजवळ दोघांनी व्हायकिंगकालीन साठा दडवला. अंदाजे तीनशे नाण्यांपैकी सुरुवातीला जेमतेम तीसेक हाती लागली. वेसेक्सचा आल्फ्रेड आणि मर्सियाचा केओलवुल्फ हे सहकारी राजे होते, हे त्या थोड्या नाण्यांनीही दाखवले. चोरांना २०१९ मध्ये तुरुंगवास झाला, पण बहुतेक नाणी गेली ती गेलीच.

संरक्षित किल्ल्यांवर डिटेक्टर घेऊन खणणाऱ्यांना शिक्षा व्हायलाच हवी. मात्र नांगराच्या फाळाला नाणे लागलेला शेतकरी त्यांच्या रांगेत बसवू नये. धातूऐवजी बाजारमूल्य देण्यासाठी केंद्राला कायदा बदलावा लागेल. राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाला मात्र तोवर थांबायचे कारण नाही. प्रत्येक जिल्ह्यात एक नोंद अधिकारी, त्याचा दूरध्वनी क्रमांक ग्रामपंचायतीच्या फलकावर, आणि सापडलेल्या जागेवर येऊन फोटो, खोली व गटक्रमांक टिपण्याची व्यवस्था, एवढ्यापासून सुरुवात करता येईल.