सर आर कमिंग!

दोन वर्षांपूर्वीपर्यंत आमच्या हॉस्टेलच्या जिन्यात रात्री हमखास एक आरोळी ऐकू यायची. रेक्टर सर राउंडला निघाले की माझा रूममेट खालून ओरडायचा, "ए, सर आर कमिंग!" मग वरच्या मजल्यावर एकच हशा... "अबे, आर नाही, इज!" हसणाऱ्यांत मीही होतो. पुढे त्याने ओरडणं सोडलं, नुसती शिट्टी मारायला लागला.

आज वाटतं, तो व्याकरणात चुकला असेल, पण संस्कारात नाही! आपल्याकडे सर 'येतो' असं म्हणत नाहीत, सर 'येतात'. एकाच माणसाला आपण आदराने अनेकवचन लावतो, म्हणून तोंडात 'आर' येतं. इंग्रजीत माणूस कितीही मोठा असो, एकटा असेल तर 'इज'. प्रिन्सिपल सरांना 'ही' म्हणतानाही आपली जीभ अडखळते, कारण मनात 'तो म्हणाला' असं उमटतं. आणि समोरच्या सरांना 'यू' म्हणजे तर थेट अरेतुरे!

पण गंमत अशी की 'यू' हा मुळात अनेकवचनी शब्द. जुन्या इंग्रजीत 'तू'साठी 'दाऊ' होता, तो रोजच्या बोलण्यातून गेला आणि आदराचा 'यू' सगळ्यांना लागला. म्हणून तर एका माणसालाही 'यू आर'. म्हणजे 'यू' हा आपला 'तू' नाही, 'तुम्ही' आहे. तेव्हा सरांना बिनधास्त 'यू' म्हणा!

दुसरी अडचण 'मला'ची. मराठीत मला भूक लागते, मला राग येतो, मला उशीर होतो. सगळं जणू बाहेरून आपल्याकडे येतं. इंग्रजीत मात्र 'आय' पुढे होतो आणि विशेषण चिकटवतो : आय ॲम हंग्री, आय ॲम अँग्री, आय ॲम लेट. मग आपण 'आय ॲम फीवर' म्हणून मोकळे होतो! हंग्री, लेट ही विशेषणं, त्यांना 'ॲम'. फीवर हे नाम, म्हणून 'आय हॅव अ फीवर'. 'मला दोन बहिणी आहेत' इथेही 'आय हॅव'. एवढं लक्षात ठेवलं तरी रोजचं अर्धं काम भागतं. आणि विशेषणांना घाबरायचं कारणच नाही. चांगला मुलगा, चांगली मुलगी, चांगलं पोरगं, चांगल्या मुली... एवढी रूपं आपण खेळता खेळता शिकलो. इंग्रजीत सगळ्यांना एकच 'गुड'!

आता आपल्या बोलीबद्दल. धाराशिवकडचा पोरगा पुण्यात 'मी जेवायलो' म्हणाला की लोक हसतात. हसू द्या! 'जेवतो' म्हणजे 'आय ईट' आणि 'जेवायलो' म्हणजे 'आय ॲम ईटिंग'. हा फरक आपल्या आईने आपल्याला आधीच शिकवलाय. 'मला दोन बहिणी असायल्यात' असं कळंब-भूमकडं कुणी म्हणतं का? नाही ना? मग 'आय ॲम हॅविंग टू सिस्टर्स' कशाला? आपण 'कळायलंय' म्हणतो, त्यामुळे ही कसोटी दरवेळी चालत नाही, पण बऱ्याचदा वाचवते.

हे सगळं मला उशिरा सुचलं. मागच्या वर्षी एका कंपनीच्या ऑनलाइन इंटरव्ह्यूत माझा हाच रूममेट 'आय ॲम हॅविंग टू सिस्टर्स' म्हणाला. पलीकडून कुणीतरी हसलं. झालं! त्याचा प्रोजेक्ट त्याने स्वतः बनवलेला, सर्किटमधली एकेक वायर त्याला पाठ, पण पुढे एक शब्द फुटला नाही. त्यानंतर त्याने कॅम्पसचा एकही फॉर्म भरला नाही. मला राहून राहून वाटतं, त्याला गप्प बसायची सवय त्या कंपनीने नाही, आमच्या जिन्याने लावली.

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे झेडपीच्या शाळेतून आलेला पोरगाही बारावीपर्यंत बारा वर्षं इंग्रजी शिकतो. तरी बोलता येत नाही, कारण आपण उत्तरं लिहिली, बोललो कधीच नाही. आणि बोललो तेव्हा कुणीतरी हसलं.

म्हणून सर्व सर-मॅडमना नम्र विनंती, व्हायवात 'इज-आर' चुकलं तरी वाक्य पूर्ण होऊ द्या, दुरुस्ती नंतर करा. आणि मित्रांनो, मेसमध्ये रोज दहा मिनिटं चुकीचं का होईना, इंग्रजी बोलू या. अट एकच, हसायचं नाही. सुरुवात माझ्यापासून.

त्या जिन्यातली शिट्टी बंद होऊन पुन्हा आरोळी ऐकू यावी, एवढंच वाटतं. मग ती 'सर इज कमिंग' असो, नाहीतर 'पळा, सर यायलेत'!