उड्या मोजू नका, उतरणे पाहा

पोलीस भरतीची चाहूल लागली की गावोगावची मैदाने पहाटेच जागी होतात. आधी धावणे, मग गोळाफेक आणि सगळे घामाघूम झाले की शेवटी बेडूकउड्या. उशिरा आलेल्याला वर आणखी पन्नास उड्या, शिक्षा म्हणून. अशा सरावानंतर नडगी किंवा गुडघा धरून येणारी मुले-मुली सरकारी रुग्णालयातल्या आम्हा डॉक्टरांना नवीन नाहीत. उडीच्या सरावाला माझा विरोध नाही. तो थकलेल्या पायांनी करून घेण्याला आहे.

या सरावाला ‘प्लायोमेट्रिक्स’ म्हणतात. उंचावरून उतरायचे आणि पाय टेकताच पुन्हा उसळायचे, ही पद्धत १९६०च्या दशकात सोव्हिएत प्रशिक्षक युरी वेरखोशान्स्की यांनी विकसित केली. तिचे मर्म वेगात आहे. उतरताना स्नायू आणि कंडरा ताणले जातात, त्यांत साठलेली ऊर्जा लगेच उसळीला मिळते. मात्र त्यासाठी पाय जमिनीला पाव सेकंदाहूनही कमी वेळ टेकला पाहिजे. दमलेल्या माणसाला हे जमत नाही. तो टेकतो, रेंगाळतो आणि कसाबसा उठतो. अशा उडीतून चपळाई वाढत नाही, सांध्यांवरचा भार मात्र चुकत नाही.

हा भार किती, याचा साधा हिशेब करू. ६० किलोचा मुलगा ४० सेंटिमीटर उंचीवरून उतरला. गुडघे-कंबर वाकवून त्याने आपला वेग पुढच्या २० सेंटिमीटरमध्ये जिरवला, तर पायांवर सरासरी वजनाच्या तिप्पट, म्हणजे १८० किलोइतका भार येतो. पाय ताठ ठेवून १० सेंटिमीटरमध्येच थांबला, तर तो पाचपट, म्हणजे ३०० किलो होतो. क्षणिक धक्का याहून मोठा असतो. हा धक्का झेलण्याचे काम मांडी, पोटरी आणि नितंबांचे स्नायू करतात. ते थकले की त्यांचा ताबा सुटतो. कोणी टाचांवर धप्पकन आदळतो, तर कोणाचा गुडघा आत वळतो. गुडघ्यातला महत्त्वाचा अस्थिबंध, ‘एसीएल’, फाटतो तो बऱ्याचदा कोणाचा धक्का न लागता, अशाच चुकीच्या उतरण्यात किंवा वळण्यात. मुलींमध्ये हा धोका मुलांपेक्षा जास्त असतो.

हाडाचे गणित आणखी वेगळे आहे. भार वाढला की हाड स्वतःला मजबूत करते, पण आधी जुना भाग झिजवून मग नवा भरते. या मधल्या काही आठवड्यांत ते नाजूक असते. नेमक्या याच काळात रोज शेकडो उड्या मारल्या तर नडगीला सूक्ष्म तडा जातो. त्याला स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात. सुरुवातीच्या दोन-तीन आठवड्यांत तो एक्स-रेमध्ये अनेकदा दिसतही नाही. मग ‘रिपोर्ट नॉर्मल आहे, पळ’ असे सांगितले जाते आणि दुखणे वाढते. त्यातून बरे व्हायला सहा ते आठ आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. तोवर मैदानी चाचणीची तारीख निघून गेलेली असते.

प्रशिक्षक म्हणतात, ‘दमल्यावरही शरीर चालले पाहिजे, सवय व्हायला नको का?’ दमसास हवाच, पण तो धावण्याने वाढतो. शिवाय पोलीस भरतीच्या ५० गुणांच्या मैदानी चाचणीत पुरुषांना १६०० मीटर व १०० मीटर धावणे आणि गोळाफेक आहे. महिलांना १६००ऐवजी ८०० मीटर. उडी त्यात नाहीच. सैन्यभरतीत नऊ फुटी खड्डा ओलांडायचा असतो, पण त्यासाठी एक चांगली उडी पुरते. शंभर मीटरला वेग मिळावा म्हणून उडीचा सराव जरूर उपयोगी आहे, पण तो औषधासारखा मोजून द्यावा.

नवख्यांना एका सत्रात ८० ते १०० वेळा पाय टेकणे पुरे, असे क्रीडा प्रशिक्षणातले प्रचलित मार्गदर्शन सांगते. दोन सत्रांत किमान ४८ तासांचे अंतर हवे. हा सराव अंग तापवल्यावर लगेच, ताज्या पायांनी घ्यावा. जागा माती किंवा गवताची असावी, डांबरी रस्ता किंवा काँक्रीट नको. ठरलेला आकडा गाठायच्या आधीच उतरण्याचा आवाज मोठा झाला, गुडघे आत वळू लागले किंवा उडीची उंची घटली, तर त्या दिवसाच्या उड्या तिथेच संपवाव्यात.

पालकांनीही एक लक्षात ठेवावे. नडगीवर बोट ठेवून दाखवता येईल अशा एकाच जागी दुखत असेल, रात्री झोपेतही ठणकत असेल, तर मलम चोळून पुन्हा मैदानावर पाठवू नका; आधी डॉक्टरांना दाखवा. आणि अकादमी चालवणाऱ्यांना विनंती आहे की, शिक्षाच करायची तर मैदान झाडायला लावा, बेडूकउड्या नकोत.