डिपर कुणासाठी?



मंडळाच्या मागच्या बैठकीत एक सूचना आली आणि टाळ्यांच्या गजरात जवळजवळ मंजूरच झाली. बऱ्हाणपूरहून शहापूर, इच्छापूर आणि पुढे मुक्ताईनगर-रावेरकडे जाणाऱ्या रस्त्यांवर पोलीस स्पीडगन घेऊन कुठे उभे आहेत, हे सभासदांना ताबडतोब कळावे म्हणून मोबाईलवर एक गट काढायचा. आणि समोरून येणाऱ्या गाडीला प्रत्येकाने डिपर मारून सावध करायचे. "आपल्या माणसाचा खिसा आपल्या माणसाने नाही वाचवायचा तर कुणी?" असा सूचकांचा सवाल होता. आम्ही तेव्हा गप्प बसलो. ते चुकले, म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी कबुली. आम्ही वीस वर्षे हेच करत आलो. जसोंडीहून रोज बँकेत जाताना-येताना पुढे शिट्टी-टोपी दिसली की डिपर मारायचा, दुचाकीवर असलो तर डोक्यावर हात थोपटून दाखवायचा. समोरचा हात वर करून आभार मानतो. बरे वाटते हो! सरकारी यंत्रणेवर आपण दोघांनी मिळून मात केली, असे काहीसे. ओळख ना देख, पण घटकाभर बंधुभाव.

मग तो बंधुभाव सोडावा असे का वाटू लागले? उत्तर आमच्या टेबलावर आहे. प्रधानमंत्री सुरक्षा बीमा योजना 2015 साली आली. वर्षाला 12 रुपये, 2022 पासून 20 रुपये खात्यातून कापले जातात आणि अपघाती मृत्यू झाला तर वारसाला 2 लाख मिळतात. त्या दाव्याचे कागद आमच्या हातातून जातात : दाखला, एफआयआर, पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल. समोर बसलेली बाई बहुधा तिशीची असते, सोबत दीर किंवा भाऊ. आम्ही फक्त कागद जुळवायचे, सही कुठे करायची ते दाखवायचे. त्या एफआयआरमध्ये एक ठरलेले वाक्य असते, "वाहन को तेजी व लापरवाहीपूर्वक चलाकर". हे शब्द आता आम्हांला पाठ झाले आहेत. एकदा असाच कागद वाचताना मनात आले, या 'तेजी'वाल्याला त्या दिवशी कुणी डिपर मारून पोलिसांच्या हातून सोडवले तर नसेल? कळायला मार्ग नाही. पण त्या दिवसापासून आमचा हात डिपरवर गेलेला नाही.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचा अहवाल सांगतो, 2022 साली देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसे मेली. त्यातली शंभरात एकाहत्तर अतिवेगाच्या खात्यावर. आपल्या मध्य प्रदेशातले आकडे 13,427. पोलीस प्रत्येक वेळी वेगाचे खाते उघडून मोकळे होतात, रस्त्याचा दोष लिहीत नाहीत, हेही आम्ही मानतो. निम्मे आकडे सोडून द्या. उरलेले निम्मे तुम्हांला कमी वाटतात काय?

आम्ही वाणिज्य शाखेचे, पण वर्ग करायला येतो. गाडीचा धक्का वेगाच्या वर्गाने वाढतो. 60 चा वेग 80 झाला तर वेग एक तृतीयांशानेच वाढला असे वाटते. धक्का मात्र पावणेदोन पटींहून जास्त होतो आणि ब्रेक लागल्यावर थांबायला तितकेच जास्त अंतर लागते. केंद्राने 2018 च्या अधिसूचनेत साध्या रस्त्यावर मोटारीला ताशी 70 आणि मालगाडीला व दुचाकीला 60 ची कमाल मर्यादा घातली, ती उगाच नव्हे. आपल्या रस्त्यांवर काय काय असते ते तुम्हांला आम्ही सांगावे काय? केळीचे ट्रक, कापसाच्या गाड्या, मागे लाल दिवा नसलेल्या ट्रॉल्या, शाळेतून सायकलीवर परतणारी पोरे. फेब्रुवारी 2021 मध्ये यावल तालुक्यात किनगावजवळ पपईचा ट्रक उलटून मजूर दगावले, ते बहुतेक रावेर तालुक्यातले. तो अपघात वेगानेच झाला असे आम्ही म्हणत नाही. मालावर माणसे बसवलेल्या गाड्या आपल्या रस्त्यावर रोज असतात, एवढेच म्हणतो.

सूचकांचा सर्वांत जोरकस मुद्दा असा : डिपर पाहून समोरचा वेग कमी करतो, पोलिसांनाही तेच हवे, मग बिघडले कुठे? मुद्दा बिनतोड वाटतो, पण गाडी चालवणाऱ्याला खरे ठाऊक आहे. तो वेग कमी करतो तो पोलीस मागे पडेपर्यंत. पुढे मोकळे रान! डिपर त्याला एका जागी 'सांभाळ' म्हणतो आणि बाकी साऱ्या रस्त्यावर 'आता कुणी नाही' म्हणून सांगतो. पोलीस कुठे आहेत हे ठाऊक नसते तेव्हाच माणूस सगळीकडे जपून चालवतो.

हा वाद आपण काढलेला नाही. विलायतेत 1905 साली मोटारवाल्यांनी संघटना काढली ती मुळी पोलिसांच्या वेगसापळ्यांची खबर देण्यासाठी. तिचे लोक सायकलीवरून फिरत. 1907 च्या एका खटल्यात इशारा देणारे सुटले, कारण इशारा मिळालेल्या गाड्या मर्यादा मोडत होत्या हे सिद्ध झाले नाही. 1910 च्या दुसऱ्यात ते सिद्ध झाले आणि इशारा देणारा दोषी ठरला. मग त्यांनी युक्ती काढली : सभासदाच्या गाडीला एरवी सलाम ठोकायचा, सापळा असेल तर ठोकायचा नाही. हुशारीला दाद द्यावी लागेल! पण त्या हुशारीने रस्त्यावरचा एक तरी पादचारी वाचला असेल काय?

आता पोलिसांकडे वळू. नाहीतर आम्ही त्यांची वकिली करतो असे म्हणाल. लोक डिपर मारतात ते कायद्याच्या द्वेषाने नव्हे, अविश्वासाने. एमएच 19 ची पाटी दिसली की हात आडवा येतो, ही तक्रार लग्नसराईत जळगावकडून येणारे आपले पाहुणे दरवर्षी करतात. 1956 साली राज्ये नव्याने आखली गेली, आपण इकडे राहिलो आणि सोयरीक तिकडे. त्याचा भुर्दंड पाहुण्यांनी का भरावा? आम्ही स्वतः एका ठिकाणी 300 रुपये पावतीविना देऊन आलो आहोत. घाई होती, दिले. तीही लाचच, आणि देणारे आम्ही.

पण याचा इलाज नियमात आहे. ऑगस्ट 2021 मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत 167-अ हा नियम आला. कॅमेरा, स्पीडगन वगैरे यंत्रांनी जिथे नजर ठेवायची, तिथे आधी ठळक फलक लावण्याची जबाबदारी राज्य सरकारवर आहे. चालानावर जागा, तारीख, वेळ आणि मोजलेला वेग हवा. गुन्ह्याची सूचना पंधरा दिवसांत पोचली पाहिजे. म्हणजे इशारा देण्याचे काम सरकारचे आहे, उघडपणे, आपल्या-परक्याला सारखेच. तो फलक 'हा पट्टा धोक्याचा आहे' म्हणतो. आपला गट फक्त आपल्या सभासदाला 'आज इथे सापडशील' म्हणेल. आणि आपण समोरच्या गाडीत कोण आहे ते कुठे पाहतो? नाकाबंदी नेहमी वेगासाठीच नसते. निवडणुकीत सीमेवर रोकड आणि दारू शोधतात, कधी पळवलेले मूल शोधतात. डिपर सर्वांनाच दिसतो.

म्हणून आमची उलट सूचना, पुढच्या बैठकीत रीतसर मांडू. गट काढायचाच असेल तर जरूर काढा, पण त्यात बंद पडलेला ट्रक कुठे उभा आहे, ट्रकवाला चाकाखालचे दगड रस्त्यातच टाकून कुठे गेला, पुलावर पाणी किती, हे कळवा. तिथे दहादा डिपर मारा. आणि मंडळाच्या लेटरहेडवर जिल्हा पोलीस अधीक्षकांना अर्ज द्यायचा : नियम 167-अ प्रमाणे फलक लावा, पावतीविना कुणाकडूनही एक रुपया घेऊ नका, आणि केवळ परराज्याची पाटी पाहून गाडी अडवू नका.

अर्जाचा मसुदा आम्ही हिंदीत तयार केला आहे. पहिली सही आमची आहे. दुसरी सूचकांनी करावी. ते बँकेत आले तर चहाही पाजू.