आधी काम मागा, मग प्रमाणपत्र

गेल्या महिन्यात शाळेच्या माजी विद्यार्थी मेळाव्यात दहावीतल्या एका मुलीने मला विचारले, "ताई, इंटर्नशिपमध्ये खरंच काही शिकवतात का?" मागे चहापाण्याची गडबड चालू होती. "हो, खूप," असे म्हणून मी मोकळी झाले. घरी येताना मात्र ते उत्तर मनाला टोचत राहिले. ते खोटे नव्हते, पण पुरते खरेही नव्हते. तिला तेव्हा द्यायला हवे होते ते उत्तर आज या वार्तापत्रातून देत आहे. ते माझ्या लहान मित्रमैत्रिणींसाठी आहे, तसेच पालकांसाठी आणि विश्वस्त मंडळासाठीही आहे.

मी इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. गेल्या उन्हाळ्यात सहा आठवडे मी एका खाजगी कंपनीत इंटर्नशिप केली. सौर वीज प्रकल्पांच्या देखभालीची कंत्राटे घेणारी ही कंपनी. तिचे नाव मी लिहीत नाही. माझ्या वर्गातल्या बहुतेकांचे अनुभव, कंपन्या वेगळ्या असूनही, असेच आहेत.

जागा मिळाली ती बाबांच्या एका स्नेह्यांच्या ओळखीने. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण ज्यांच्या घरी अशी ओळख नाही ती मुले कुठे जातात, हा प्रश्न मला तेव्हा पडला नव्हता. स्टायपेंड नव्हताच. जाण्यायेण्याचे पैसे घरून मिळत होते.

पहिल्या दिवशी साहेबांनी चौकशी केली, चहा दिला आणि मला एका टेबलापाशी बसवले. माझ्याबरोबरच्या दोन मुलांना दुसऱ्याच दिवशी जीपमधून प्रकल्पावर नेले. मी विचारले तेव्हा उत्तर मिळाले, "मुलींना साइटवर कशाला? ऊन लागेल." सांगणाऱ्याच्या मनात काही वाईट नव्हते, काळजीच होती. माझ्या वाट्याला आले ते रोजच्या वीजनिर्मितीचे कागद संगणकात भरायचे काम. कोणत्या इन्व्हर्टरने कोणत्या तारखेला किती युनिट दिले, एवढेच. चार महिन्यांचा गठ्ठा होता. पहिले दोन आठवडे मी रोज संध्याकाळी घरी येऊन चिडचिड करत असे. आई म्हणायची, "सर्टिफिकेट मिळणार आहे ना? मग झालं."

तिसऱ्या आठवड्यात एक गोष्ट लक्षात आली. प्रकल्पातले इन्व्हर्टर सारख्याच क्षमतेचे, त्यांना जोडलेली पॅनेल्सही तेवढीच. म्हणजे एकाच दिवशी सगळ्यांचे आकडे साधारण सारखे यायला हवेत. नऊ नंबरचा इन्व्हर्टर मात्र रोज थोडा मागे होता. ढगाळ दिवशी मागे, स्वच्छ उन्हातही मागे, आणि जवळजवळ नेहमी एकाच प्रमाणात, सुमारे बाराव्या हिश्शाने. प्रत्येक इन्व्हर्टरला बारा स्ट्रिंग जोडलेल्या असतात, हे मी नकाशात पाहिले होते. एक स्ट्रिंग म्हणजे एकामागून एक जोडलेली वीस पॅनेल्स. आठवीत विज्ञानाच्या बाईंनी दिवाळीच्या दिव्यांच्या माळेवरून एकसर जोडणी शिकवली होती. एक दिवा सुटला की सगळी माळ विझते. इथेही तसेच असेल का?

घाबरत घाबरत साहेबांना कागद दाखवला. त्यांनी तो दोनदा पाहिला आणि फोरमनना हाक मारली, "उद्या हिलाही घेऊन जा."

प्रकल्प वडोदऱ्यापासून दीड तासावर होता. तिथे पोचल्यावर पहिले काय दिसले असेल? दहा-बारा बायका डोक्याला पदर गुंडाळून पॅनेल्स धूत होत्या. पॅनेल्सवर धूळ बसली की वीज घटते, म्हणून ती वरचेवर धुवावी लागतात. मुलींना ऊन लागेल म्हणून मला दोन आठवडे पंख्याखाली बसवले होते, आणि त्याच उन्हात या बायका पहाटेपासून पाण्याच्या नळ्या ओढत होत्या. तिथे बायकांसाठी स्वच्छतागृहही नव्हते. मला साइटवर न नेण्याचे खरे कारण कदाचित तेच असावे. ते कोणी उघड बोलले नाही. बोलले असते तर ती सोय करावी लागली असती, आणि माझ्याआधी त्या बायकांसाठी करावी लागली असती.

फोरमनकाका मूळचे खेडा जिल्ह्यातले, आयटीआय झालेले, वीजकामात तीस वर्षे घालवलेले. त्यांनी नऊ नंबरच्या इन्व्हर्टरपाशी क्लॅम्प मीटर काढला आणि एकेका तारेतला प्रवाह मोजायला लावला. सातव्या स्ट्रिंगवर काटा शून्य. फ्यूज उडालेला. चार महिने कोणाच्याच लक्षात आले नव्हते. मी तिथेच हिशेब केला. त्या स्ट्रिंगची क्षमता साधारण 8 किलोवॅट. आपल्या भागात एक किलोवॅटची पॅनेल्स दिवसाला सरासरी 4 युनिटच्या आसपास वीज देतात. म्हणजे रोज 32 युनिट, आणि चार महिन्यांत जवळजवळ 3,800. महिन्याला 200 युनिट जाळणाऱ्या घराची दीड वर्षाहून जास्त काळाची वीज एका फ्यूजपायी वाया गेली होती.

मी उत्साहाने एका पॅनेलच्या जोडणीकडे हात नेला. काकांनी तो मनगटाला धरून मागे ओढला. "बेन, पहेलां माप, पछी हाथ." मग त्यांनी समजावले. घरची वीज प्रत्यावर्ती असते. तिचा प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यातून जातो, म्हणून जोडणी सुटताना पडलेली ठिणगी विझायला वाव मिळतो. पॅनेलची वीज एकदिश असते आणि एका स्ट्रिंगमध्ये हजार व्होल्टच्या आसपास दाब असू शकतो. चालू प्रवाहात जोडणी ओढली तर ठिणगीची ज्योत पेटते आणि पेटतीच राहते. शिवाय इन्व्हर्टर बंद केला तरी सूर्य बंद होत नाही, पॅनेलमधला दाब तसाच राहतो. हे पहिल्या दिवशी मला कोणीच सांगितले नव्हते. सोबतच्या दोन मुलांनाही सांगितले नव्हते, आणि ती तर दोन आठवडे तिथे फिरत होती.

पुढचे तीन आठवडे मी काकांच्या मागे मागे होते. इतके मी एका सत्रात कॉलेजात शिकले नाही. कडक ऊन म्हणजे जास्त वीज, हा माझा समज तिथे मोडला. पॅनेलची क्षमता 25 अंश सेल्सिअसला मोजलेली असते. मे महिन्यात दुपारी ते 65 अंशांपर्यंत तापते आणि दर अंशाला साधारण 0.3 ते 0.4 टक्के वीज घटते, म्हणजे बारा ते सोळा टक्क्यांचा फटका. पुस्तकात हे वाचलेले होते. तापलेल्या पॅनेलपाशी उभे राहून मीटरवर पाहिले तेव्हा ते कळले.

इथवर वाचून वाटेल की शेवट गोड झाला. तसे नाही. निघताना मला प्रमाणपत्र मिळाले. त्यात लिहिले होते की मी ट्रान्सफॉर्मरची देखभाल, रिले चाचणी आणि ग्रिड जोडणीचे प्रशिक्षण घेतले. यातले काहीही मी केले नव्हते. जे केले होते ते त्यात नव्हते. कार्यालयातल्या भाईंनी प्रेमाने आदल्या वर्षीच्या मुलाचा अहवालही दिला, "नाव बदलीने आपी देजो." आणि मी तो वापरला. अर्ध्याहून जास्त अहवाल त्या मुलाचा आहे. कॉलेजात कोणी एक प्रश्न विचारला नाही. चांगले गुण मिळाले.

प्रश्न विचारला गेला तो नोकरीच्या मुलाखतीत. समोरच्या बाईंनी प्रमाणपत्र पाहून विचारले, "रिले चाचणी कशी केली, सांगा." मी गप्प. तो अर्धा मिनिट मी विसरणार नाही. मग खरे सांगितले आणि नऊ नंबरच्या इन्व्हर्टरची गोष्टही सांगितली. त्यांनी ती मन लावून ऐकली, दोन-तीन बारकावे विचारले. ती नोकरी मला मिळाली नाही. ज्या पानाची लाज वाटायला हवी ते मी पुढे केले होते आणि ज्याचा अभिमान वाटावा ते काम कुठेच नोंदलेले नव्हते.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. आपण सगळे इंटर्नशिपकडे एक कागद म्हणून पाहतो, आणि कागद मागितला की कागदच मिळतो. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने 2018 मध्ये आपल्या आदर्श अभ्यासक्रमात इंटर्नशिप सक्तीची केली. हेतू चांगलाच होता. पण सक्ती झाली की कॉलेजला आकडा हवा असतो, कंपनीला कटकट नको असते, पालकांना प्रमाणपत्र हवे असते. विद्यार्थ्याला काय आले, हे विचारणारा कोणीच उरत नाही. 1961च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात निदान विद्यावेतन द्यावे लागते आणि काय शिकवायचे ते ठरलेले असते. माझ्यासारख्या इंटर्नला असा कोणताही आधार नव्हता.

कंपनीची बाजूही मांडली पाहिजे. सहा आठवड्यांसाठी आलेल्या मुलांना शिकवायला तिथे वेगळा माणूस नसतो. हजार व्होल्टपाशी नवख्याला उभे करणे ही जोखीम आहे. साहेबांनी माझा कागद बाजूला सारला असता तरी मी काही करू शकले नसते. त्यांनी तो पाहिला, हे त्यांचे ऋण आहे. आणि ज्या कामाला मी रडत होते, त्या कंटाळवाण्या आकड्यांतूनच मला वाट सापडली, हेही खरे. म्हणून साधे काम मिळाले की लगेच तोंड वाकडे करू नका. फक्त ते काम कशासाठी आहे, एवढे जरूर विचारा.

आता तीन विनंत्या.

विश्वस्त मंडळाला: आपले कितीतरी माजी विद्यार्थी वीज आणि सौर क्षेत्रात आहेत. त्यांची एक यादी शाळेत ठेवावी, म्हणजे ज्याच्या बाबांची कुठे ओळख नाही त्यालाही दार ठोठावता येईल. शिफारसपत्र देताना त्यात तीन गोष्टी मागाव्यात: पहिल्या दिवशी सुरक्षेची माहिती, शिकवणारी एक ठरलेली व्यक्ती आणि मुलाच्या नावावर एक ठरलेले काम. मुलगी असेल तर साइटवर तिची सोय आहे का, हेही विचारावे. याच गावात सयाजीराव महाराजांच्या काळात 1890 मध्ये कलाभवन सुरू झाले, ते हाताला काम शिकवण्यासाठी. ही मागणी त्या परंपरेला धरूनच आहे.

पालकांना: संध्याकाळी मूल घरी आले की "सर्टिफिकेट मिळणार ना?" याऐवजी "आज काय पाहिलंस?" असे विचारा. आईने चौथ्या आठवड्यापासून हे विचारायला सुरुवात केली. आता तिला स्ट्रिंग म्हणजे काय ते माहीत आहे, आणि शेजारच्या काकूंनाही तिने सांगितले आहे.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हाला: रोज एक पान वही लिहा. काय केले, काय पाहिले, काय समजले नाही. जे केले नाही त्यावर सही घेऊ नका. प्रमाणपत्र चुकीचे असेल तर तिथेच, हसतमुखाने, दुरुस्त करून मागा. मला ते जमले नाही. तुम्हाला जमावे.

मेळाव्यानंतर शाळेतल्या दोघा माजी विद्यार्थ्यांनी माझा अहवाल मागितला आहे. तो मी देणार नाही, राग मानू नये. माझी सहा आठवड्यांची वही मात्र ग्रंथपाल बाईंकडे ठेवली आहे. पहिली पंधरा पाने कुरकुरीची आहेत, ती सोडून दिलीत तरी चालेल. नऊ नंबरच्या इन्व्हर्टरची गोष्ट सोळाव्या पानापासून आहे. आणि मेळाव्यात प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलीला सांगायचे आहे: शिकवतात, पण आपण होऊन नव्हे. मागावे लागते.