पाटल्या, हप्ता आणि गाडीचं इंजिन



दशलक्षण पर्वात यंदा रोज काही लिहिणं झालं नाही. कारण आमची 407. परतीच्या भाड्याला पुण्याहून फरशी भरून येताना खंबाटकी घाटात तिचं इंजिन जाम झालं. धाकटे दीर गाडीवर होते. रात्री अकराला फोन आला, "वैनी, गाडी बसली. दादाला उठवा." दुसऱ्या दिवशी टोचन करून गाडी जयसिंगपूरला आली, आणि पुढचे पंधरा दिवस घरात एकच विषय होता. इंजिन बांधायचं, दुसरं बसवायचं, की गाडीच नवी घ्यायची?

तुम्ही म्हणाल, हा पुरुषांचा विषय. मलाही तसंच वाटायचं. पण नव्या गाडीसाठी आधी भरायचे पैसे माझ्या पाटल्या गहाण ठेवून येणार, असं ठरायला लागलं, तेव्हा मी पदर खोचून वर्कशॉपमध्ये गेले. आपल्यातल्या कित्येक घरांत गाडी आहे. कुणाची भाजीची, कुणाची दुधाची, कुणाची सुताची. आज ना उद्या हा प्रश्न तुमच्याही दारात येईल, म्हणून माझं मत मांडते.

गाडी 2011 ची. इंजिन टाटाचं 497. मिस्त्रींनी मला समजावलं, 4 म्हणजे चार सिलिंडर आणि 97 म्हणजे एकेका सिलिंडरचा बोअर, मिलिमीटरमध्ये. (आमच्याकडे सगळे ओव्हरहॉलिंगला ‘ओव्हरऑइल’ म्हणतात. मीही तेच म्हणत होते, कुणी हसलं नाही.) हेड उघडलं तेव्हा तिसऱ्या सिलिंडरचा पिस्टन घासून चिकटलेला, लायनरवर उभे ओरखडे, हेड तापून वाकलेलं, आणि ऑइलमध्ये पाणी शिरून त्याचं अगदी ताक झालेलं.

दिरांचं मत पहिल्या दिवसापासून नव्या गाडीचं. "जुन्यात पैसा घालून काय उपयोग? आज इंजिन, उद्या गिअरबॉक्स." ह्यांचं मत जुन्या बाजारातून त्याच मेकचं इंजिन आणून बसवावं, चार दिवसांत गाडी रस्त्यावर. सासरे, म्हणजे आमचे आण्णा, म्हणाले आपलंच इंजिन बांधा. तिघांच्याही बोलण्यात तथ्य होतं. पण इंजिन मेलं कशानं, हे तिघांपैकी एकानंही विचारलं नव्हतं.

मी मिस्त्रींना विचारलं. ते जरा घुटमळले. मग म्हणाले, "वहिनी, रेडिएटरचा रबरी पाइप चिरलाय. पाणी गळत होतं. काटा लालमध्ये गेल्यावर गाडी उभी करायला पाहिजे होती. आणि माल…" पुढं बोलले नाहीत. मालाची पावती मी पाहिली होती. आरसी बुकात लिहिलेल्या वजनाच्या दीडपट फरशी होती. काही शे रुपयांचा पाइप आणि दीडपट माल, एवढ्यानं इंजिन गेलं.

योगायोग असा, की त्याच आठवड्यात मंदिरात स्वाध्यायाला आचार्य समंतभद्रांचा रत्नकरंडक श्रावकाचार चालू होता. परिग्रह परिमाण व्रताचे पाच अतिचार त्यात दिलेत, त्यातले दोन अतिवाहन आणि अतिभारवहन. लोभानं हद्दीबाहेर हाकणं आणि पेलणार नाही एवढं लादणं. सांगितलंय ते बैलासारख्या जनावरांना धरून. आमच्यातल्या एक काकू लगेच म्हणाल्या, "इंजिनाला कुठं जीव असतो?" खरं आहे, नसतो. पण त्या गाडीचे ब्रेक तापतात, घाटात तिच्या मागं-पुढं माणसं असतात, आणि स्टेअरिंगवर आपला माणूस असतो. आणि मुळात अतिचार हा लादणाऱ्याच्या लोभाचा आहे. ओझं बैलावर टाकलं की चाकावर, लोभ तोच.

नवी गाडी घेणं पाप आहे असं मी म्हणत नाही. ह्यांनी व्रतात एकाच मालगाडीची मर्यादा घेतलीय. जुनी विकून नवी घेतली तर ती मोडत नाही. माझा आक्षेप हप्त्याला आहे. दहा लाखांच्या पुढची गाडी, वर माझ्या पाटल्यांचं व्याज. महिन्याला तो हप्ता भरायचा तर दीर फरशीचं भाडं सोडतील का? आज हौसेनं दीडपट भरतात, उद्या नाइलाजानं भरतील. ज्या सवयीनं जुनं इंजिन मारलं तीच सवय नव्या गाडीत पहिल्या दिवसापासून बसवायची, आणि तीही कर्ज काढून. उत्तम शौचाच्या दिवशी लोभ सुटावा म्हणून पूजा करायची आणि घरी येऊन ही गणितं मांडायची, हे मला जमेना.

जुन्या बाजारातल्या इंजिनाचं सांगते. ते मला स्वस्तही वाटलं नाही. इंजिन सत्तर हजार, उतरवणं-बसवणं वेगळं. शिवाय ते कुठल्या गाडीतून निघालं, किती चाललं, कुणी सांगत नाही. 2019 आणि 2021 च्या पुरात आपल्या शिरोळ तालुक्यातच गाड्या पाण्याखाली गेल्या होत्या. त्यांची इंजिनं कुठं गेली असतील? दुसरं म्हणजे आरसीवर इंजिन नंबर असतो. इंजिन बदललं तर बिल दाखवून आरटीओत तो बदलून घ्यावा लागतो. बिल नसेल आणि इंजिन चोरीच्या गाडीचं निघालं, किंवा अपघातानंतर विमा कंपनीनं नंबर पडताळला, तर घरधनी कोर्टाच्या पायऱ्या झिजवणार. "कोण बघतंय" म्हणणारे पुष्कळ भेटले. आपण सत्याणुव्रत घेतलेली माणसं, आपण तरी तसं म्हणू नये.

तरी आपलंच इंजिन बांधा, असं मी डोळे झाकून सांगणार नाही. माझ्या नणंदेकडं भावनेपोटी तसं केलं. सासऱ्यांच्या हातची गाडी म्हणून लाखभर रुपये इंजिनात घातले आणि वर्षात चासीच गंजून तडकली. म्हणून आम्ही आधी गाडी धुऊन खालून पाहिली. चासी, पाटे, गिअरबॉक्स, डिफरन्शियल. मग ब्लॉक आणि क्रँक कोल्हापूरला उद्यमनगरात तपासायला पाठवले. ब्लॉकला तडा नव्हता. क्रँक ग्राइंड करून अंडरसाइज बेअरिंगवर चालेल असं कळलं. ब्लॉक तडकलेला असता तर मी स्वतः गाडी भंगारात द्यायला सांगितली असती. शिवाय पंधरा वर्षं झाली की फिटनेसची फी खूप वाढते. आमच्या गाडीला तो दिवस लांब नाही, हेही हिशेबात धरलं. हे इंजिन बांधून गाडी आणखी तीन-चार वर्षं चालावी एवढीच अपेक्षा. जन्मभराची नाही.

लायनर-पिस्टन, बेअरिंग, हेडचं फेसिंग, नवा रेडिएटर पाइप, मजुरी, सगळं मिळून पंच्याण्णव हजार झाले. भिशीचे आणि घरातले मिळून भरले. पाटल्या कपाटात आहेत. काळं ऑइल गटारात ओतू नका एवढं मी मिस्त्रींना हात जोडून सांगितलं, ते डब्यात भरून विकलं गेलं.

दीर चार दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत. त्यांचंही चुकत नाही. रात्री-अपरात्री घाटात उभं राहायला त्यांना लागतं, मला नाही. नव्या गाडीची केबिन बरी असते, पाठ दुखत नाही, हे ते म्हणाले ते मला लागलं. त्या सीटचं काम मी पुढच्या भिशीतून करून देणार आहे.

मिस्त्रींनी सांगितलंय, पहिले हजार-दीड हजार किलोमीटर हलका माल, चढाला दमानं, मग ऑइल बदलायचं. म्हणजे महिनाभर कमाई कमीच. परवा पुण्याहून फरशीवाल्यांचा पुन्हा फोन आला होता. दिरांनी स्पीकरवर टाकला आणि माझ्याकडं पाहिलं. मग तेच म्हणाले, "निम्मा माल असला तर सांगा." पलीकडून फोन ठेवला गेला. काल ते मोकळी गाडी घेऊन आले. सूर्यास्ताच्या आत पोचले, त्यामुळं सगळ्यांबरोबर जेवायला मात्र बसले.