हमरस्त्यावरून न दिसणारे खोरे

सुट्टी लागली की पुण्या-मुंबईच्या गाड्या सुरूर फाट्याला वळतात आणि वाई ओलांडून, पसरणीचा घाट चढून पाचगणी-महाबळेश्वर गाठतात. फुलांच्या दिवसांत कास पठारावर रांगा लागतात. बाकीचे हमरस्त्याने थेट कोल्हापूरला, अंबाबाईच्या दर्शनाला. जिच्या उगमाला महाबळेश्वरी हात जोडले ती कृष्णामाई पुढे काय करते, हे पाहायला फार थोडे थांबतात. आपल्याकडे प्रवास म्हणजे डोंगर, देव किंवा समुद्र. शेत आणि बाजारपेठ पाहण्यासाठी कुणी रजा टाकत नाही.

जगात टाकतात. कोलंबियात अँडीज पर्वताच्या कुशीत कॉफीचे मळे आणि छोट्या गावांचा एक टापू आहे. २०११ साली युनेस्कोने तो जागतिक वारशाच्या यादीत घेतला, तो कुठल्या राजवाड्यासाठी नव्हे. उतारावरची लहान शेतकऱ्यांची शेती आणि तिच्या आधाराने वाढलेली गावे, घरे, रीतिभाती, हाच तिथला वारसा. पुढच्याच वर्षी आपले कास पठार पश्चिम घाटाबरोबर त्याच यादीत गेले. पठार गेले, खालच्या खोऱ्याची आठवण कुणाला झाली नाही.

आणि खोरे तरी केवढे श्रीमंत! वाईचे घाट आणि मेणवलीचा नाना फडणविसांचा वाडा पुष्कळांना ठाऊक असतो. पण २० खंडांच्या मराठी विश्वकोशाचे काम तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी याच तालुक्याच्या गावी बसून उभे केले, हे किती जण मुलांना सांगतात? संगम माहुली रामशास्त्री प्रभुण्यांची. कराडला कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भेटतात आणि पूर्वेला वळतात. तिथून खोरे रुंदावते, माती काळी होत जाते. ओगलेवाडीचे कंदील, १९१० साली माळरानावर वसलेल्या किर्लोस्करवाडीचे नांगर, भिलवडीचे दूध. नांगर आणि दूध तर इथल्या शेतीतूनच कारखानदारीत गेले. १९६० पर्यंत सांगली जिल्ह्याचे नावही ‘दक्षिण सातारा’च होते; दोन जिल्हे ही सरकारी सोय, खोरे एकच.

मला सर्वांत आवडते ते सांगलीजवळचे हरिपूर. वारणा इथे कृष्णेला मिळते. इथल्या जमिनीत पेवे आहेत. वर माणूस उतरेल एवढेच तोंड, आत मोठी खोल पोकळी, आणि तीत भरलेली हळद. माती अशी की ओल धरत नाही. हळद वर्षानुवर्षे किडीवाचून राहते. पेव उघडले की लगेच कुणी उतरत नाही. आधी हवा खेळू देतात, कंदील सोडून पाहतात. तो विझला तर माणसानेही थांबायचे. शीतगृहे येण्याआधी सांगलीच्या हळदपेठेचा मोठा भरवसा या पेवांवर होता. २००५ च्या महापुरात पाणी पेवांत शिरले आणि पुष्कळ पेवे निकामी झाली. २०१९ आणि २०२१ ला पूर पुन्हा आला. २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले खरे, पण पेवे मात्र एकेक करून बुजत चालली आहेत.

खोऱ्याचे खरे दुखणे मात्र पुराहून सावकाश चालणारे आहे. बँकेत असताना मी वर्षानुवर्षे पाहिले, उसाचे कर्ज मंजूर करताना कुणाला फार डोके खाजवावे लागत नसे. ऊस कारखान्याला जायचा आणि हप्ता बिलातून परस्पर कापून यायचा. हळदीचा भाव यंदा चढा, पुढच्या साली निम्मा. भाजीपाल्याचे तर विचारूच नका. शेतकऱ्यालाही ऊस सोयीचा आणि बँकेलाही. जमिनीचे काय होते, याला त्या अर्जात रकाना नव्हता. पाणी आले, पाटाने मनसोक्त दिले गेले. काळ्या जमिनीतून त्याचा निचरा होईना. भूजल वर चढले, सोबत क्षार घेऊन आले आणि ऊन लागताच वर पांढरी खपली धरली. वाळवा, पलूस, मिरज तालुक्यांत अशी मिठागरासारखी शेते दिसतात. एकेकाळी एकरी उताऱ्याची बढाई मारणाऱ्या घरांतली मुले आज पुण्यात नोकरी शोधतात.

उपाय आहे. जमिनीखाली छिद्रे असलेले पाइप गाडून खारे पाणी नाल्यापर्यंत काढून देता येते, आणि काही गावांत जमिनी अशा सुधारल्याही आहेत. पण हा एकट्याचा उद्योग नाही. माझ्या शेतातले पाणी तुमच्या शेताखालून गेल्याशिवाय नाल्याला लागत नाही. म्हणजे साऱ्या शिवाराने एकत्र यायला हवे. सहकाराची एवढी परंपरा सांगणाऱ्या भागाला हे अवघड का वाटावे? साखरेसाठी एकत्र आलो, मातीसाठीही येता येईल, असे माझे मत आहे.

म्हणून म्हणतो, एकदा हमरस्ता सोडा. कराडहून मिरजेकडे जाणारी थांबत थांबत चालणारी रेल्वे घ्या. ताकारी, किर्लोस्करवाडी, भिलवडी अशी स्टेशने येतील. औदुंबरला दत्ताचे दर्शनही होईल. फेब्रुवारी-मार्चमध्ये गेलात तर हळद शिजवण्याचा वास वाटेतच लागेल. कुणाच्या मळ्यात उतरलात तर बांधावर बसून भाकरी मिळेल, ती नाकारू नका. आणि पांढऱ्या पडलेल्या तुकड्याबद्दल अवश्य विचारा. मालक आधी जरा गप्प होईल, मग सांगायला लागेल, आणि तुमची परतीची गाडी बहुधा चुकेल.