डिल्बर्ट कोणाचा?

'डिल्बर्ट' या ऑफिसातल्या जगण्यावरच्या विनोदी चित्रमालिकेचे चित्रकार स्कॉट अ‍ॅडम्स यांची अमेरिकेत मुस्कटदाबी झाली, असे सांगणाऱ्यांची भिस्त एका वाक्यावर असते : कलावंताची मते वेगळी, कला वेगळी. ऐकायला बिनतोड. पण फेब्रुवारी २०२३ मध्ये घडले काय? एका जनमत चाचणीचा हवाला देत अ‍ॅडम्स यांनी आपल्या यूट्यूब कार्यक्रमात कृष्णवर्णीय अमेरिकनांना द्वेष करणाऱ्यांचा गट ठरवले आणि गोऱ्यांना त्यांच्यापासून दूर राहण्याचा सल्ला दिला. ही अतिशयोक्ती होती, हा खुलासा मागाहून आला. वॉशिंग्टन पोस्ट, लॉस एंजेलिस टाइम्स अशा अनेक वृत्तपत्रांनी मालिका बंद केली. वितरक कंपनी अँड्र्यूज मॅकमीलनेही संबंध तोडले. सरकारचा यात काडीचाही संबंध नव्हता. वृत्तपत्रातली जागा हा कोणाचा जन्मसिद्ध हक्क नव्हे. ज्यांच्यापासून दूर राहायला सांगितले, तेही त्याच वृत्तपत्राचे वाचक होते. अ‍ॅडम्स तर वर्गणीदारांसाठी इंटरनेटवर चित्रे काढतच राहिले. मग दाबले कोणाचे तोंड?

दुसरा पक्ष याच्या उलट. तो म्हणतो, हे विष पहिल्यापासूनच होते, जुनी पुस्तकेही रद्दीत घाला. हेही पटत नाही. या मालिकेतला उमेदवार कर्मचारी अशोक आपल्या आयआयटीतून गेलेला. हुशार, भोळा आणि कायमचा राबवला जाणारा. समलिंगी संबंधांना तेव्हा गुन्हा ठरवणारे कलम ३७७ भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने कायम ठेवल्यानंतर २०१४ मध्ये अ‍ॅडम्स यांनी निषेध म्हणून याच अशोकला समलिंगी जाहीर केले. निर्णय भारतातला, निषेध अमेरिकेतल्या विनोदी चित्रात! शेवटावरून सुरुवात ठरवणाऱ्यांनी हा अशोक कुठल्या खणात ठेवायचा?

आक्षेपच घ्यायचा तर माध्यम-समीक्षक नॉर्मन सॉलोमन यांनी १९९७ मध्ये घेतलेला घ्यावा. ही मालिका मधल्या साहेबाला बडवते आणि मालकाला मोकळे सोडते, म्हणून तर कंपन्यांनाही ती आवडते, असा त्याचा रोख होता. यात तथ्य आहे. डिल्बर्ट वाचून कोणी संप केला नाही. पण साहेबाची बेअक्कल रोज निमूट सोसणाऱ्याला 'हे फक्त माझ्याच ऑफिसात नाही' एवढे कळणे, हेही थोडके नव्हते.

आणि ते कळवले कोणी? १९८९ मध्ये मालिका सुरू झाली तेव्हा अ‍ॅडम्स पॅसिफिक बेल या टेलिफोन कंपनीत नोकरीला होते. १९९३ पासून त्यांनी चित्रातच आपला ईमेल पत्ता छापला आणि देशभरातल्या नोकरदारांनी आपापल्या साहेबांचे प्रताप त्यांच्याकडे धाडले. निरर्थक बैठका, उफराटी धोरणे, हास्यास्पद ध्येयवाक्ये, असा तो ऐवज. रेषा आणि बेरकी नजर अ‍ॅडम्सची, कच्चा माल मात्र चौकोनी खुराड्यांतून आलेला. १९९५ मध्ये त्यांची नोकरी सुटली. पुढे ते राजकारणाचे आणि मन वळवण्याच्या कलेचे भाष्यकार झाले. माझ्या मते बिघाड इथे झाला. ऐकणारा माणूस सांगणारा झाला. २०२२ मध्ये त्यांनी स्वतःला गोरा म्हणवणारे एक कृष्णवर्णीय पात्र आणले. त्या विनोदात ऑफिस उरले नव्हते. आपल्या अनुयायांना मारलेला डोळा तेवढा होता.

म्हणून वृत्तपत्रांनी २०२३ ची मालिका काढून टाकली, हे योग्यच झाले. नव्वदच्या दशकातले संग्रह मात्र मी कपाटातून काढणार नाही. त्यांत ज्यांची गाऱ्हाणी आहेत, त्यांनी काही कोणाला दूर लोटायला सांगितले नव्हते.